पराक्रमाचा कर्ता

ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत भारतीय महिलांच्या चमूने ४ बाय ४०० मीटरची रिले शर्यत जिंकली. मनजीत कौर, सिनी जोस, अश्विनी अक्कुंजी आणि मनदीप कौर ह्या त्या चौघी. त्यांपैकी अश्विनी ही कर्नाटकातील उडुपी जिल्ह्यातल्या सिद्धापूर परिसरातली, शेतकऱ्याच्या घरची मुलगी. पुढच्याच महिन्यात चीनमधील ग्वांगझू येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत तिने ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत ५६.१५ सेकंदांत जिंकली आणि रिलेच्या सुवर्णपदकातही वाटा उचलला. ह्या गोष्टीला वर्षही उलटले नाही, तोच २०११ च्या उन्हाळ्यात अश्विनी, सिनी, मनदीप, जौना मुर्मू, टियाना मेरी थॉमस आणि प्रियंका पंवार ह्या सहा धावपटूंच्या नमुन्यांत निषिद्ध स्टेरॉइड सापडल्याचे जाहीर झाले. ह्या प्रकरणातले काही नमुने पतियाळाच्या राष्ट्रीय शिबिरात घेतलेले होते, तर काही त्या जूनमध्ये बंगळूरला झालेल्या आंतरराज्य स्पर्धेत.

पुढचा घटनाक्रम थोडक्यात सांगता येईल. आमच्या युक्रेनियन प्रशिक्षकाने, युरी ओगोरोदनिक ह्यांनी, चीनमधून आणलेल्या जिनसेंगच्या गोळ्या आम्ही विश्वासाने घेतल्या आणि भेसळ त्यांतच होती, असे धावपटूंचे म्हणणे. प्रशिक्षकाला दूर करण्यात आले. न्यायमूर्ती मुकुल मुद्गल ह्यांची चौकशी समिती नेमली गेली. डिसेंबर २०११ मध्ये राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे ‘नाडा’च्या, शिस्तपालन मंडळाने भेसळीची बाजू बव्हंशी ग्राह्य धरून एक वर्षाची बंदी घातली. त्याविरुद्ध आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघ स्वित्झर्लंडमधील क्रीडा लवादाकडे गेला, आणि लवादाने जुलै २०१२ मध्ये ती दोन वर्षांची केली. खेळाडूंनी पुरेशी खबरदारी घेतली नव्हती, हे त्याचे कारण. लंडन ऑलिंपिक तेव्हा तोंडावर आले होते.

ह्या प्रकरणाविषयी बोलताना आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक तुच्छतेचा: देशाची मान खाली घातली. दुसरा कणवेचा: बिचाऱ्या खेड्यापाड्यांतल्या मुली, त्यांना काय कळणार? दोन्ही सूर मला अपुरे वाटतात. पहिला त्या मुलींना सर्वस्वी कर्त्या मानतो, दुसरा त्यांचे कर्तेपण पुरतेच काढून घेतो. खरा प्रश्न ह्या दोहोंच्या मधे आहे आणि तो खेळापुरता मर्यादित नाही. माणसाच्या हातून घडलेली गोष्ट त्याचीच आहे, असे आपण कशाच्या बळावर म्हणतो?

त्याआधी एका अधिक साध्या प्रश्नाला सामोरे गेले पाहिजे. उत्तेजक घेणे वाईट का? उत्तर इतके उघड वाटते की ते सहसा कोणी देतच नाही. दिलेच, तर ‘ते अन्यायकारक आहे’ असे देतात. पण मैदान कधी समतल होते? फिनलंडचा ईरो मँटिरांटा ह्याने १९६४ च्या इन्सब्रुक हिवाळी ऑलिंपिकमध्ये बर्फावरच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींत दोन सुवर्णपदके जिंकली. पुढे त्याच्या कुटुंबातील एक आनुवंशिक वैशिष्ट्य उजेडात आले. त्याच्या रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण जन्मतःच इतरांहून पुष्कळ अधिक होते. इतर सायकलपटू आणि धावपटू जे एरिथ्रोपोएटिन टोचून मिळवू पाहतात, ते त्याला आईबापांकडून फुकट मिळाले होते. त्याला कोणी लबाड म्हणत नाही, म्हणूही नये. ज्याला उंचावरच्या गावी सराव करता येतो, ज्याच्यापाशी आहारतज्ज्ञ आहे, ज्याचा बाप त्याला बूट घेऊन देऊ शकतो, त्या सर्वांच्या बाजूने मैदान कललेलेच असते. केवळ विषमता हा दोष असता तर अर्ध्याअधिक पदकांवर तो ठेवावा लागेल.

दुसरे उत्तर शरीराच्या हानीचे. ते अधिक वजनदार आहे आणि हलक्या हाताने बाजूला सारण्यासारखे नाही. पुरुषी संप्रेरकाच्या ह्या कृत्रिम भावंडांनी स्नायू भरतात हे खरे; पण तीच द्रव्ये हृदयाची भिंत जाड करतात, रक्तातील हितकर कोलेस्टेरॉल उतरवतात, यकृताला इजा करतात. पुरुषांत वृषणे आक्रसतात, कारण बाहेरून आयता पुरवठा होऊ लागला की शरीर आपला कारखाना बंद करते. स्त्रियांत आवाज घोगरा होतो, आणि औषध थांबवले तरी तो बहुधा परत येत नाही. वाढत्या वयात हाडांची टोके अकाली सांधली जाऊन उंची खुंटते. औषध सोडल्यावर मनावर जी मरगळ येते ती कित्येकांना परत त्याच गोळीकडे नेते. १९६७ च्या टूर द फ्रान्समध्ये माँ व्हाँतूच्या चढावर टॉम सिम्पसन हा ब्रिटिश सायकलपटू कोसळून मेला. त्याच्या शरीरात अँफेटामाइन सापडले. एवढे सारे असूनही, हानी हेच एकमेव कारण म्हणून पुरत नाही. मुष्टियोद्ध्याच्या मेंदूची हानी आपण टाळ्या वाजवत पाहतो. पहिलवानाचे मोडलेले कान हे त्याचे भूषण समजले जाते. सज्ञान माणूस जाणूनबुजून आपले शरीर झिजवत असेल, तर त्याला अडवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

म्हणून मला तिसऱ्या जागी जावे लागते. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, नाना प्रकारची करणे, वेगवेगळ्या चेष्टा आणि पाचवे दैव. हा विभाग खेळाडूला इतका चपखल बसतो की नवल वाटावे. अधिष्ठान म्हणजे देह. करणे म्हणजे साधने, मग त्यांत इंद्रिये आली तसे बूट आणि धावपट्टीही आल्या. चेष्टा म्हणजे सराव, रोजची दमछाक. दैव म्हणजे मँटिरांटाचे रक्त, किंवा शर्यतीच्या दिवशी आलेला ताप. ह्या पाचांना बांधून ठेवणारा तो कर्ता. आता गोळीला ह्यांपैकी कोणत्या खणात ठेवायचे? ती साधन म्हणून मिरवत नाही. बूट लपवावे लागत नाहीत, गोळी लपवावी लागते. ती दैवही नाही, कारण ती कोणीतरी हेतुपुरस्सर दिलेली असते. ती अधिष्ठानात शिरते, आणि बाहेर येते ती चेष्टेचे सोंग घेऊन. पाहणाऱ्याला वाटते, केवढी ही मेहनत!

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो राहिला तर सगळा विचारच चुकीच्या वाटेला लागतो. उत्तेजक घेणारा मेहनत करत नाही, ही समजूत खोटी आहे. स्टेरॉइड हे आळशाचे औषध नव्हे. पलंगावर पडून गोळ्या गिळल्याने कोणी ५६ सेकंदांत ४०० मीटर अडथळे ओलांडत नाही. ह्या द्रव्यांचा खरा गुण असा की सरावाने दमलेले स्नायू लवकर सावरतात, आणि म्हणून आज जेवढा सराव केला त्याहून अधिक उद्या करता येतो. म्हणजे घाम खरा असतो. कित्येकदा स्वच्छ खेळाडूच्या घामाहून जास्तच असतो. एरवी सोपा वाटणारा नैतिक निवाडा ह्यामुळे अवघड होतो. घाम खरा आणि फळ खोटे, हे कसे?

ते असे, की त्या घामाचा किती भाग आपला, हे सांगणारा कोणी उरत नाही. प्रतिस्पर्ध्याला ते कळत नाही, पंचाला कळत नाही, आणि सर्वांत वाईट म्हणजे, धावणारीला स्वतःलाही कळत नाही. खेळाचे जे मोल आहे ते ह्या जाणण्यात आहे. माणसाला आयुष्यात अशा फार थोड्या जागा मिळतात जिथे ‘हे मी केले’ असे निःशंकपणे म्हणता येते. व्यापारात बाजार साथ देतो, लेखनात परंपरा, राजकारणात तर दुसऱ्यांचेच खांदे. चारशे मीटरच्या वर्तुळात मात्र सुरुवातीची रेघ आणि शेवटची रेघ ह्यांच्या मधे बाई एकटी असते. गोळी हिरावून घेते ती ही जागा. प्रतिस्पर्धी पदकाला मुकते आणि ते तिला कधीतरी परतही मिळू शकते. घेणारी ज्याला मुकते ते परत देणारा लवाद अस्तित्वात नाही. अश्विनी आणि तिच्या सहकाऱ्यांची २०१० ची पदके कोणी काढून घेतली नाहीत. तरी २०११ नंतर ग्वांगझूच्या त्या शर्यतीचे नाव काढले की ऐकणारा क्षणभर थांबतो. ज्या धावेविरुद्ध काहीही सिद्ध झालेले नाही, तिच्यावरही सावली पडली आणि ती पुसण्याचे साधन धावणारीच्या हाती नाही.

हे सर्वांत भीषण रूपात घडले ते पूर्व जर्मनीत. तिथे सरकारनेच योजना आखून हजारो खेळाडूंना ओरल टुरिनाबोल नावाचे स्टेरॉइड दिले. त्यांत कोवळ्या वयाच्या मुली होत्या, आणि त्यांना निळ्या गोळ्या जीवनसत्त्वे म्हणून दिल्या जात. हायडी क्रीगर १९८६ मध्ये गोळाफेकीत युरोपची विजेती ठरली. सोळाव्या वर्षापासून तिला त्या गोळ्या सुरू होत्या. शरीर पालटत गेले. १९९७ मध्ये शस्त्रक्रिया होऊन हायडीचे आंद्रेआस झाले. क्रीगर ह्यांची पुढची तक्रार नीट ऐकण्यासारखी आहे. पुरुष झाल्याचे दुःख ते सांगत नाहीत. आपण कोण आहोत हे स्वतःचे स्वतः शोधण्याची संधीच आपल्याला मिळाली नाही, हे त्यांचे दुःख आहे. ज्या दोघांनी ही यंत्रणा चालवली, त्या मान्फ्रेड एवाल्ड आणि मान्फ्रेड होप्नर ह्यांना २००० साली बर्लिनच्या न्यायालयाने दोषी ठरवले. शिक्षा झाली, पण तुरुंगात जाण्याची पाळी दोघांवरही आली नाही. ती स्थगित ठेवली गेली.

आता बंदीच्या नियमाकडे येऊ. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेचा, म्हणजे ‘वाडा’चा, पायाभूत नियम असा: खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. ते कसे आले, कोणी दिले, हेतू काय होता, हे सर्व नंतर. शिक्षेचा काळ कमीजास्त करण्यापुरते. हा नियम निष्ठुर आहे. तरीही तो अनाठायी आहे असे मला वाटत नाही. हेतू सिद्ध करण्याचा बोजा संस्थांवर टाकला तर एकही प्रकरण तडीस जाणार नाही, आणि जी मुलगी काही न घेता चौथी आली तिला दाद मागायला जागाच राहणार नाही. तिच्या दृष्टीने पुढे गेलेलीचे मन शुद्ध होते की नव्हते हे गौण आहे.

पण ह्या नियमाने एका वहीत दोन हिशेब मांडले आहेत, आणि घोटाळा तिथे आहे. एक हिशेब निकालाचा. शर्यत शुद्ध होती की नाही, एवढेच त्यात पाहायचे. नसेल तर निकाल रद्द. ह्यासाठी हेतू तपासण्याची गरज नाही. दुसरा हिशेब दोषाचा, आणि तो हेतू, ज्ञान, पर्याय ह्यांच्याशिवाय मांडताच येत नाही. आपण पहिल्या हिशेबाची बाकी दुसऱ्यात ओढून घेतो. नमुना दोषी ठरला, की माणूस दोषी ठरला. नियमाच्या बाजूने म्हणता येईल की अपिलात हेतूचा विचार होतो. होतो खरा, पण तो सिद्ध करण्याचा भार खेळाडूवर असतो. आणि प्रयोगशाळा, वकील, लोझानचा लवाद ह्यांच्याशी झुंजण्याची ऐपत कितीजणांची असते? सुनीता राणीचे उदाहरण इथे आठवावे. २००२ च्या बुसान आशियाई स्पर्धेत तिने १५०० मीटरचे सुवर्ण आणि ५००० मीटरचे कांस्य मिळवले, मग नँड्रोलोन सापडल्याचे सांगून पदके काढून घेतली. प्रयोगशाळेच्या कामातील विसंगती पुढे आल्या आणि पुढच्या वर्षी पदके परत मिळाली. तिच्यामागे भारतीय संघटना उभी राहिली होती. जिच्यामागे कोणी उभे राहत नाही तिचे काय?

गीतेने पाच कारणे सांगून लगेच पुढे म्हटले आहे की असे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो त्याची दृष्टी अपुरी. तिथला संदर्भ आत्मज्ञानाचा आहे, क्रीडा लवादाचा नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही ती चौकट इथे कामी येते. राष्ट्रीय शिबिरातील मुलगी पहाटे उठते ती प्रशिक्षकाच्या शिट्टीवर. काय खायचे, कधी झोपायचे, किती धावायचे, दुखले तर कोणता मलम लावायचा, हे सर्व दुसरा ठरवतो. आज्ञाधारकपणा हाच तिथला मोठा गुण. बंगळूरच्या ज्ञानभारती परिसरातील क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र घ्या किंवा पतियाळाचे, ह्या शिस्तीत फरक नाही, आणि ती शिस्त वाईट आहे असेही नाही. पण दिवसाचे तेवीस तास तिचे कर्तेपण काढून घ्यायचे आणि चोविसाव्या तासाला, बाटलीत नमुना देताना, ते सगळेच्या सगळे तिला परत करायचे, ह्याला न्याय म्हणणे कठीण आहे.

ह्याची उलट बाजूही आहे आणि ती झाकून ठेवली तर हे लिखाण वकिली ठरेल. महाराष्ट्रात आपण ती नरसिंग यादवच्या रूपाने पाहिली. मुंबईत घडलेला हा मल्ल २०११ ते २०१३ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाला, २०१५ च्या जागतिक स्पर्धेत त्याने कांस्य मिळवले, आणि रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर त्याच्या नमुन्यात मेथँडिएनोन सापडले. सोनीपतच्या शिबिरात आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी ते मिसळले, असे त्याने सांगितले. ‘नाडा’च्या मंडळाने ते मान्य केले. ऑगस्ट २०१६ मध्ये रिओतच बसलेल्या लवादाने मात्र कारस्थानाचा पुरावा नाही म्हणून चार वर्षांची बंदी घातली, लढतीच्या आदल्या दिवशी. सत्य काय ते आपण बाहेरचे लोक ठरवू शकत नाही. पण ‘मला माहीत नव्हते’ हे वाक्य निर्दोषाच्या तोंडी जसे येते तसेच दोषीच्याही, आणि दोघांच्या तोंडी ते सारखेच दिसते. म्हणूनच निकालाच्या हिशेबात त्याला थारा देता येत नाही.

आपल्याकडे खुराकाची परंपरा मोठी. कोल्हापूरच्या तालमीत वस्ताद पोराच्या हातात थंडाईचा पेला देई तेव्हा पोराने ‘ह्यात काय आहे?’ असे विचारणे म्हणजे वस्तादावर अविश्वास. बदाम, खसखस, दूध, तूप; सगळे डोळ्यांसमोर वाटलेले असे, म्हणून तो विश्वास चालून गेला. आता पेल्याच्या जागी चकचकीत डबा आला आणि डब्यावरचे नाव वाचायला रसायनशास्त्र लागते; विश्वास मात्र तालमीतलाच राहिला. त्याच वाटेने मेफेंटरमाइनसारखे औषध, जे शस्त्रक्रियेच्या वेळी उतरलेला रक्तदाब सावरण्यासाठी वापरतात, ते महाराष्ट्रातल्या गल्लीबोळांतील व्यायामशाळांपर्यंत पोहोचले आहे. आणि प्रियंका पंवार, २०११ च्या त्या सहा जणींपैकी एक, बंदी भोगून परतली, २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत पुन्हा रिलेचे सुवर्ण जिंकली आणि २०१६ च्या नमुन्यात हेच मेफेंटरमाइन सापडल्याने पुढे आठ वर्षे बाद झाली. पहिल्या वेळी तिच्याविषयी कणव वाटलेल्यांनी दुसऱ्या वेळी काय म्हणावे? मला वाटते, दोन वेळांचे हिशेब वेगळे ठेवावेत. दुसरा दोष पहिल्याचा पुरावा होत नाही.

‘वाडा’ने प्रसिद्ध केलेल्या २०२३ च्या आकड्यांनुसार भारतात ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ सदोष निघाले, म्हणजे ३.८ टक्के; पाच हजारांहून अधिक नमुने तपासणाऱ्या देशांत सर्वाधिक. त्याच वर्षी दिल्लीच्या राज्य स्पर्धेत तपासणी करणारे आल्याची कुणकुण लागताच शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत एकच धावपटू रेघेवर उभा राहिला, बाकीचे निघून गेले. तो एकटा धावला आणि जिंकला. ह्या विनोदी वाटणाऱ्या बातमीत त्या मुलाचे नुकसान कोणाच्या ध्यानात आले नसेल: तो कोणापेक्षा वेगवान आहे हे त्याला त्या दिवशी कळले नाही.

पुन्हा बंगळूरकडे. ऐश्वर्या बाबू ह्या तिथल्या मुलीने जून २०२२ मध्ये चेन्नईच्या आंतरराज्य स्पर्धेत तिहेरी उडीत १४.१४ मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला. आधीचा विक्रम मयूखा जॉनीचा, २०११ चा, १४.११. ऐश्वर्याच्या नमुन्यात ओस्टारिन सापडले. हे द्रव्य औषध म्हणून अद्याप कोठेही मंजूर झालेले नाही, तरी ते विकत मिळते. खांद्याच्या दुखापतीवर एका परिचिताच्या सांगण्यावरून गोळी घेतली, असे तिने सांगितले. २०२३ मध्ये चार वर्षांची बंदी झाली आणि ती उडी रद्द ठरली. ह्यात निकालाचा हिशेब बरोबर झाला. १४.१४ पुसले, १४.११ परत आले. मधल्या तीन सेंटिमीटरांतले तिचे स्वतःचे किती होते, किंवा सगळेच होते का, हे तिलाही सांगता येणार नाही. तो परिचित कोण, त्याने गोळी कोठून आणली, त्याच्याकडून आणखी कोणी घेतली, हे दोषाच्या हिशेबातले प्रश्न. त्यांचे उत्तर कोणत्याही निकालपत्रकात छापले जात नाही.

नमुना देताना खेळाडूला एक कागद भरावा लागतो. गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधे आणि पूरक पदार्थ त्यावर लिहायचे, शक्य तर मात्रेसह, आणि खाली सही करायची. वस्तूचे नाव, मात्रा, खेळाडूची सही. ती वस्तू कोणी दिली, हे लिहायला त्या यादीत रकाना नसतो.